सांख्यिकी राहिलंय आणि सहाव्या सत्रात प्लेसमेंट (कंपनीत काम करून क्रेडिट मिळवण्याचा विषय) हवी आहे, तर आत्ता कोणते विषय घ्यावेत?

चौथंसत्र:
व्यवसाय व्यवस्थापनाची चार वर्षांची पदवी, एकूण १२० क्रेडिट, स्पेशलायझेशन फायनान्स. तीन सत्रं संपली. तिसऱ्या सत्रात सांख्यिकी ड्रॉप केल्यामुळे ४५ऐवजी ४२ क्रेडिट हातात आहेत. चौथ्या सत्राची नोंदणी परवा उघडली.

आत्ता नोंदवलेले विषय: मार्केटिंग, कॉस्ट अकाउंटिंग, व्यवसाय कायदा (शुक्रवार १०.३० ते १२, शिवाय बुधवारी एक तास), मनुष्यबळ व्यवस्थापन आणि एक ऐच्छिक विषय. सगळे ३ क्रेडिटचे, म्हणजे १५. सांख्यिकीचा एकच सेक्शन आहे, मंगळवार-गुरुवार १० ते ११.१५, ट्युटोरियल शुक्रवारी ११ ते १२. तो भरलाय आणि वेटलिस्टवर माझा नंबर ७. विशेष परवानगीशिवाय सत्राला १८ क्रेडिटपर्यंत घेता येतात.

प्लेसमेंट सहाव्या सत्रात, १२ क्रेडिटची. अर्ज पाचव्या सत्राच्या सुरुवातीला. अट अशी: ६० क्रेडिट पूर्ण, सरासरी किमान २.५, कालावधी किमान १६ आठवडे आणि ५६० तास.

माझे प्रश्न:
वेटलिस्टच्या भरवशावर राहावं, की सांख्यिकी पाचव्या सत्रात घ्यावं? सांख्यिकी आणि वित्त व्यवस्थापन एकाच सत्रात चालतं का? एका कंपनीकडून सुट्टीत १२ आठवड्यांच्या कामाची ऑफर आहे, तेच पुढे प्लेसमेंट म्हणून दाखवता येईल का? ॲडव्हायझरला ईमेल केला होता, उत्तर एका ओळीचं आलं: "डिग्री ऑडिट पाहा." ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणाऱ्या अहवालात, तर सगळं हिरवं दिसतंय.

ताळेबंद:
सांख्यिकी पाचव्या सत्रात ढकलू नका. हा एक विषय लांबला तर पदवीच लांबू शकते. कसं ते कागदावर मांडून बघा, आणि मांडताना शेवटच्या सत्रापासून मागे या.

फायनान्सची साखळी बहुतेक ठिकाणी अशी असते: फायनान्शियल अकाउंटिंग आणि सांख्यिकी झाल्याशिवाय वित्त व्यवस्थापन मिळत नाही, आणि वित्त व्यवस्थापन झाल्याशिवाय वरचे विषय, म्हणजे गुंतवणूक विश्लेषण, कॉर्पोरेट मूल्यांकन वगैरे, मिळत नाहीत. हे वरचे विषय बऱ्याचदा वर्षातून एकदाच शिकवले जातात. समजा तुमच्याकडे गुंतवणूक विश्लेषण फक्त विषम सत्रात आणि मूल्यांकन फक्त सम सत्रात आहे (विभागाच्या वेळापत्रकात मागच्या दोन वर्षांचं बघितलं की कळतं).

सांख्यिकी चौथ्यात झालं, तर वित्त व्यवस्थापन पाचव्यात, प्लेसमेंट सहाव्यात, गुंतवणूक सातव्यात, मूल्यांकन आठव्यात. अगदी फट न राहता बसतं.

सांख्यिकी पाचव्यात गेलं, तर वित्त व्यवस्थापन सहाव्यात यायला हवं, पण तेव्हा तुम्ही प्लेसमेंटवर. मग ते सातव्यात. गुंतवणूक विश्लेषण त्यानंतरच्या विषम सत्रात, म्हणजे नवव्यात. एका विषयासाठी अख्खं सत्र वाढलं. ऑपरेशन्सलाही बहुतेक ठिकाणी सांख्यिकीची अट असते. आणि शेवटच्या सत्रातला व्यूहात्मक व्यवस्थापनाचा विषय सगळे कोअर विषय संपल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे तोही अडकू शकतो.

आता क्रेडिट. आत्ता ४२, या सत्राचे १५, झाले ५७. अर्जाच्या वेळी हवेत ६०. तीन कमी! ऑडिट हिरवं दिसतंय, कारण बहुतेक प्रणाली चालू सत्रातले विषय आणि कधीकधी नुसते नोंदवलेले विषयही पूर्ण झाल्यासारखे मोजतात. प्लेसमेंट कार्यालय मात्र ग्रेड लागलेले क्रेडिटच धरतं. ऑडिटमध्ये "चालू विषय वगळून" असा पर्याय असतो. तो निवडून पुन्हा चालवा आणि तो आकडा खरा माना.

पुढचंही मोजून ठेवा. पाचव्या, सातव्या आणि आठव्या सत्रात १५-१५ आणि प्लेसमेंटचे १२ धरले, तर ५७ + १५ + १२ + १५ + १५ = ११४ होतात. १२०ला सहा कमी. म्हणजे आणखी दोन विषय कुठेतरी बसवायचेच आहेत. त्यातला एक अर्जाच्या आधी बसवला, की ६०ची अटही सुटते.

त्याचे दोन रस्ते. एक, याच सत्रात सहा विषय, १८ क्रेडिट. ४२ + १८ = ६०, बरोबर काठावर. पण सहापैकी एकात जरी नापास झालात तरी अट हुकते, आणि कॉस्ट अकाउंटिंग व सांख्यिकी एकत्र असताना सहावा विषय सरासरी खाली ओढू शकतो. दुसरा, या सत्रात पाचच आणि सुट्टीच्या सत्रात एक विषय. मला दुसरा जास्त सुरक्षित वाटतो, फक्त सुट्टीतल्या नोकरीशी त्याची टक्कर होणार, हे ध्यानात घ्या.

नोंदणीखिडकी:
वरचा हिशेब बरोबर आहे, पण त्याआधी एक तातडीची गोष्ट. तुमचं वेळापत्रक पुन्हा वाचा. व्यवसाय कायदा शुक्रवारी १०.३० ते १२, आणि सांख्यिकीचं ट्युटोरियल शुक्रवारी ११ ते १२. एक तास एकमेकांवर चढतोय.

वेटलिस्टवर नाव टाकताना बऱ्याच प्रणाली ही टक्कर तपासत नाहीत. जागा रिकामी होऊन तुमचा नंबर लागतो तेव्हा तपासतात. टक्कर दिसली की तुम्हाला ओलांडून आठव्या नंबरला जागा जाते, आणि तुम्हाला वाटत राहतं की यादी हललीच नाही. असंच घडण्याची आणखी तीन कारणं: जागा मिळाल्यावर एकूण क्रेडिट कमाल मर्यादेपुढे जात असतील, खात्यावर शुल्काचा किंवा ॲडव्हायझिंगचा होल्ड (नोंदणीवरची अडवणूक) असेल, किंवा लेक्चरसोबत जोडलेल्या ट्युटोरियलला तुम्ही यादीत नाव दिलेलं नसेल. चारही आजच तपासा.

नंबर ७ म्हणजे आशा सोडण्यासारखं नाही. यादी साधारण तीन वेळा जोरात हलते: शुल्क न भरलेल्यांची नोंदणी रद्द होते तेव्हा, मागच्या सत्राचे निकाल लागून पूर्वअटीच्या (आधी पास व्हायच्या) विषयात नापास झालेले बाहेर पडतात तेव्हा, आणि वर्ग सुरू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात. काही ठिकाणी जागा आपोआप मिळते, काही ठिकाणी विद्यापीठाच्या ईमेलवर सूचना येते आणि ती ठरावीक तासांत स्वीकारावी लागते, बहुधा २४. खासगी ईमेलवर ही सूचना जात नाही.

कायद्याचा दुसरा सेक्शन असेल तर त्यात जा. पण आधी ड्रॉप आणि मग ॲड, असं करू नका. मधल्या मिनिटात जुनी जागा दुसऱ्याला जाते आणि नव्या सेक्शनने नकार दिला तर दोन्ही जातात. पोर्टलवर "स्वॅप" असतो तो वापरा: नवी जागा पक्की झाली तरच जुनी सुटते. सांख्यिकीसाठी ऐच्छिक विषय सोडायचा असेल तर तोही असाच "जागा मिळाली तर हा सोड" असा जोडून ठेवता येतो. तशी सोय नसेल, तर ऐच्छिक विषय शेवटपर्यंत धरून ठेवा.

ॲडव्हायझरकडे जागा मागून उपयोग होत नाही. बहुतेक ठिकाणी वर्गाची क्षमता विभागाच्या हातात असते. सांख्यिकी ज्या विभागाचा विषय आहे त्यांच्याकडे परवानगीचा अर्ज करा. कारण एका ओळीत लिहा: हा विषय या सत्रात न मिळाल्यास पदवी एक सत्र लांबते. आणि परवानगी मिळाली म्हणजे नोंदणी झाली असं धरू नका. परवानगीने फक्त कुलूप निघतं. पोर्टलवर जाऊन विषय तुम्हालाच ॲड करावा लागतो, आणि त्या परवानगीला मुदत असते.

चौथंसत्र:
शुक्रवारची टक्कर खरंच लक्षात आली नव्हती. धन्यवाद. कायद्याचा दुसरा सेक्शन सोमवार-बुधवार आहे, त्यात ६ जागा रिकाम्या दिसतात, पण स्वॅप केला की "आरक्षित जागा" असा संदेश येतो. आणि ॲडव्हायझरला पाठवलेला ईमेल असा होता: "नमस्कार, पुढच्या सत्रात कोणते विषय घ्यावेत याबद्दल मार्गदर्शन हवं आहे. प्लेसमेंटही करायची आहे."

पानउलट:
त्या सहा जागा एखाद्या गटासाठी राखून ठेवलेल्या आहेत: दुसऱ्या शाखेचे, पहिल्या वर्षाचे किंवा शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. सेक्शनचा तपशील उघडला की किती जागा कोणासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत राखीव आहेत ते दिसतं. ती तारीख उलटली की उरलेल्या जागा सर्वांना खुल्या होतात. तारीख टिपून ठेवा आणि त्या दिवशी नोंदणीची खिडकी उघडताच स्वॅप करा. तोवर आत्ताचा कायद्याचा सेक्शन सोडू नका.

आता ईमेलबद्दल. त्या ईमेलला एका ओळीचं उत्तर येणं साहजिक आहे. त्यात विद्यार्थी क्रमांक नाही, आराखडा नाही आणि ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल असा एकही प्रश्न नाही. नोंदणीच्या आठवड्यात ॲडव्हायझरसमोर शेकडो ईमेल असतात. ज्याचं उत्तर तीन मिनिटांत देता येतं त्याचं नीट उत्तर मिळतं. असं लिहा:

"विषय: चौथ्या सत्राची नोंदणी व सहाव्या सत्रातील प्लेसमेंट, तीन प्रश्न (विद्यार्थी क्रमांक ...)

माझे ४२ क्रेडिट पूर्ण आहेत. सत्रवार आराखडा सोबत जोडला आहे.
१. प्लेसमेंटच्या ६० क्रेडिटमध्ये सुट्टीच्या सत्राचे ३ क्रेडिट धरले जातात का? त्याचे ग्रेड अर्जाच्या मुदतीपर्यंत नोंदले जातील का?
२. ड्रॉप केलेल्या सांख्यिकीची नोंद सरासरीत मोजली जाते का?
३. या आराखड्यानुसार आठव्या सत्राअखेर १२० क्रेडिट आणि स्पेशलायझेशनच्या सर्व अटी पूर्ण होतात का?"

पहिल्या प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नका. सुट्टीच्या सत्राचे ग्रेड उशिरा लागतात, आणि अर्जाची मुदत त्याआधी असेल तर ६०चा आकडा कागदावर येतच नाही. अशा वेळी प्लेसमेंट कार्यालय सशर्त अर्ज घेतं का, हे आधीच विचारून ठेवावं लागतं.

दुसरा प्रश्न यासाठी, की ड्रॉपचे दोन प्रकार असतात. ॲड-ड्रॉपच्या (सत्राच्या सुरुवातीला विषय बदलण्याच्या) मुदतीत सोडलेला विषय गुणपत्रकावर येतच नाही. त्यानंतर सोडलेला "डब्ल्यू" (विथड्रॉन, म्हणजे मध्येच सोडलेला) म्हणून येतो: सरासरीला धक्का लागत नाही, पण काही ठिकाणी तो प्रयत्न म्हणून मोजला जातो आणि एक विषय किती वेळा घेता येईल यावर मर्यादा असते.

भेटीत किंवा फोनवर काही ठरलं, तर त्याच दिवशी "आपलं असं ठरलं" असा दोन ओळींचा ईमेल पाठवा. ॲडव्हायझर बदलतात, फोनवरचं बोलणं फाइलमध्ये राहत नाही. आणि नियम कोणत्या वर्षीच्या माहितीपुस्तकातले लागू आहेत तेही विचारा. साधारणपणे प्रवेशाच्या वर्षीचे लागतात, संकेतस्थळावर मात्र चालू वर्षाचे दिसतात.

करारपत्र:
सुट्टीतल्या १२ आठवड्यांबद्दल. आठवड्याला ४० तास धरले तरी ४८० तास होतात, म्हणजे ८० कमी. तुमच्या नियमात "१६ आठवडे आणि ५६० तास" आहे. इथे "किंवा" असतं तर कंपनीकडे दोन आठवडे वाढवून मागता आले असते: १४ गुणिले ४० म्हणजे बरोबर ५६०. मूळ नियमावलीत नेमका कोणता शब्द आहे तो एकदा स्वतः वाचा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. आधी काम करून नंतर क्रेडिट मागितले, तर जवळजवळ कुठेच मिळत नाहीत. प्लेसमेंट हा नोंदणी केलेला विषय असतो. त्याच्या पहिल्या दिवसाआधी विद्यापीठ, कंपनी आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्या असलेला करार, शिकण्याची उद्दिष्टं, कंपनीतला पर्यवेक्षक आणि विम्याची व्यवस्था हे सगळं जागेवर लागतं. मागची तारीख घालून विमाही चालू होत नाही आणि देखरेखही. काम आणि अभ्यास जोडण्याची ही पद्धत १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे की काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, विद्यापीठाच्या नजरेखाली व्हावं.

म्हणून सुट्टीतली नोकरी घ्यायची तर अनुभव म्हणून घ्या. रेझ्युमेत ती चांगलीच दिसेल आणि सहाव्या सत्राच्या निवडीत कामी येईल. तीच कंपनी सहाव्या सत्रात १६ आठवडे घ्यायला तयार आहे का, हेही आत्ताच विचारा. अनेक कंपन्यांना ओळखीचा माणूस परत आलेला आवडतो. मात्र काही विद्यापीठं प्लेसमेंटमध्ये आधीच्या नोकरीपेक्षा वेगळी जबाबदारी असण्याचा आग्रह धरतात, म्हणून कामाचं वर्णन नव्याने लिहून घ्या.

कामाच्या वर्णनात नेमकं काय करणार ते असू द्या. "वित्त विभागाला सहाय्य" एवढंच लिहिलेलं वर्णन परत येतं. "मासिक अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांतल्या फरकाचा तक्ता तयार करणे, ३०हून अधिक दिवस थकलेल्या येण्यांची यादी दर आठवड्याला अद्ययावत करणे" असं असेल तर मंजुरीला अडचण येत नाही, आणि शेवटी अहवालात काय लिहायचं हाही प्रश्न उरत नाही.

अहवालावरून आठवलं. फायनान्सच्या कामात गोपनीयतेचा करार जवळपास नक्की असतो. अहवालात कोणते आकडे वापरता येतील हे पहिल्या आठवड्यातच पर्यवेक्षकाकडून लेखी घ्या. खरे आकडे न देता आधारवर्ष १०० धरून निर्देशांकात दाखवणं बहुतेक कंपन्यांना मान्य होतं. हे सोळाव्या आठवड्यात विचारलं, तर कायदा विभागाचं उत्तर यायच्या आत अहवालाची मुदत संपते.

तासांची नोंद रोजच्या रोज ठेवा. १६ आठवड्यांत ५६० म्हणजे आठवड्याला बरोबर ३५. सुट्ट्या आणि आजारपणाचे दिवस धरले की आकडा खाली येतो, म्हणून करारातच आठवड्याला ३७.५ तास मागून घ्या: त्याने ६०० होतात आणि ४० तासांची सोय राहते. जेवणाची सुट्टी बहुधा मोजत नाहीत.

एक ऑफर स्वीकारल्यावर दुसरी चांगली आली म्हणून पहिली सोडू नका. बहुतेक प्लेसमेंट कार्यालयं अशा विद्यार्थ्याला त्या सत्रातून बाद करतात, कारण ती कंपनी पुढच्या वर्षी जागाच देत नाही. विचार करायला मुदत हवी असेल तर स्वीकारण्याआधी मागा.

परदेशात शिकणारे कोणी हे वाचत असतील तर: व्हिसाची परवानगी क्रेडिटपेक्षा वेगळी असते. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची) मंजुरी आय-२०वर (विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावर) आल्याशिवाय एक दिवसही काम करता येत नाही, आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली तर त्याच स्तरावरच्या पदवीसाठीची ओपीटी (आपल्या विषयातलं काम करण्याची वेगळी परवानगी) मिळत नाही.

ताळेबंद:
सुट्टीत नोकरी आणि विषय दोन्ही जमेल का, हे तासांत मोजा. ३ क्रेडिटच्या विषयाला साधारण ४५ तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा अभ्यास, मिळून १३५ तास. सुट्टीचं सत्र सहा आठवड्यांचं असेल तर आठवड्याला २२.५ तास. ४० तासांच्या नोकरीसोबत हे ६२.५ होतात. सांख्यिकीसारखा रोज गणितं सोडवायला लावणारा विषय असा घेऊ नका. सांख्यिकी या सत्रात मिळालं असेल आणि सुट्टीसाठी वाचनाचा एखादा ऐच्छिक विषय राहिला असेल, तर कंपनीकडे आठवड्याला २५ तास मागून दोन्ही करता येईल. सांख्यिकीच राहिलं, तर सुट्टीत तेवढंच घ्या आणि ऑफरला नम्रपणे नकार द्या. सुट्टीत संपलं तरी वित्त व्यवस्थापन पाचव्यात मिळतं, साखळी तुटत नाही. पाचव्याच्या नोंदणीवेळी मात्र ग्रेड लागलेले नसतील, तेव्हा "पूर्वअट चालू आहे" अशी तात्पुरती नोंदणी होते का ते पाहा.

सांख्यिकी आणि वित्त व्यवस्थापन एकत्र घेण्याची परवानगी काही विभाग देतात. अडचण क्रमाची आहे. वित्ताच्या वर्गात जोखीम आणि परतावा सत्राच्या मध्यावर येतो. तिथे प्रमाण विचलन आणि सहविचरण (दोन गोष्टी एकत्र किती बदलतात त्याचं माप) लागतं, आणि बीटासाठी (बाजारासोबत शेअर किती हलतो त्याच्या मापासाठी) समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन. सांख्यिकीच्या वर्गात समाश्रयण बहुधा शेवटच्या तीन-चार आठवड्यांत शिकवतात. म्हणजे वित्ताच्या मध्यावधी परीक्षेला जे हवं ते सांख्यिकीत अजून आलेलंच नसतं. घ्यायचंच झालं तर दोन्ही विषयांच्या आठवडेवार योजना शेजारी ठेवून बघा.

आणखी एक पर्याय म्हणजे प्लेसमेंटच्या सत्रात एक ऑनलाइन विषय: अर्जाआधी एक विषय बसवला तरी १२०ला ३ क्रेडिट कमी पडतातच, त्यामुळे हा विचार करण्यासारखा आहे. फक्त परीक्षा ठरलेल्या वेळी, कामाच्या दिवशी असेल तर आधी कंपनीकडून लेखी रजा लागेल. नाहीतर तो विषय सातव्या सत्रात सहावा म्हणून घ्या. आठव्यात नको, तिथे काही बिनसलं तर दुरुस्तीला पुढचं सत्र उरत नाही.

नोंदणीखिडकी:
सातव्या सत्राची नोंदणी प्लेसमेंट चालू असतानाच उघडते. तुमची वेळ सकाळी नऊची असेल आणि त्याच वेळी कंपनीत बैठक असेल, तर गुंतवणूक विश्लेषणाचा एकुलता सेक्शन हातचा जाईल. विषय आदल्या दिवशी पोर्टलच्या कार्टमध्ये टाकून ठेवा, कंपनीच्या नेटवर्कवरून पोर्टल उघडतं का ते आठवडाभर आधी तपासा, आणि पर्यवेक्षकाला त्या सकाळची पंधरा मिनिटं सांगून ठेवा.